विट्याचा अनोळखी पक्षी

शालन निकमच्या दारातल्या शेवग्यावर पेटी बसवायला माणूस आला, तेव्हा तिनं त्याला दोनच प्रश्न विचारले. ही खाते काय? आणि बोलते काय? खात काही नाही, उन्हावर चालते, बोलते मात्र, असं तो म्हणाला. "मग सुनेपेक्षा बरी," म्हणत तिनं शिडीला हात लावला.

पेटीचं नाव कानोसा. असेल नारळाएवढी. विट्यात ज्याच्या दारात झाड त्याला ती फुकट मिळत होती आणि शालनच्या मुलानं, धनाजीनं, आईला न विचारता कोचीहून तिचं नाव नोंदवलं होतं. धनाजीचं तिकडं सोनं-चांदी गाळायचं दुकान. विट्याच्या निम्म्या घरांतले पुरुष असेच देशभर पांगलेले. आई एकटी असते, पाखरांची नावं सांगणारं काहीतरी दारात असलं तर तिचा वेळ जाईल, असा त्याचा विचार. "वेळ घालवायला मी काय एसटी स्टँडवर बसलीय?" असं शालननं त्याला सुनावलं. पण पेटी काढ म्हणाली नाही.

त्याआधीच्या काही वर्षांत उन्हाळ्यांनी पाखरांचे पत्ते बदलून टाकले होते. घाटाखालची पाखरं घाट चढून आली, दक्षिणेतली उत्तरेला सरकली. चिमणी-साळुंकीपलीकडं कशासाठी कोणी मान वर केली नव्हती अशा या कोरड्या मुलखात लोक दारातल्या झाडाकडं बोट दाखवून, हे काय बसलंय, म्हणून विचारू लागले. पुस्तकांतले नकाशे गेल्या सालच्या कॅलेंडरासारखे झाले. बघून ओळखावं तर पाखरू पानाआड. म्हणून ऐकून ओळखणारी पेटी निघाली. ती आवाजाचं चित्र काढते. सूर कुठवर चढला, कुठं थबकला, किती थरथरला, त्याची रेघ ओढते आणि ती रेघ लाखो रेघांशी ताडून पाहते. आधी पाखराची जात कळते, मग त्या जातीतलं नेमकं पाखरूही, कारण दोन बुलबुलांची रेघ कधी तंतोतंत जुळत नाही. शिवाय गाणारी बरीचशी पाखरं गाणं पोटातून घेऊन येत नाहीत, वडीलधाऱ्यांचं ऐकून शिकतात. त्यामुळं कोण कोणाचं ऐकून शिकलं, हेही रेघेवरून सांगता येतं.

एक काम मात्र पेटी करत नाही. माणसाचा आवाज ठेवत नाही. काही विचारलं तर उत्तर देते, पण माणसाचं बोलणं, खोकणं, भांडण, जे कानावर येईल ते जागच्या जागी पुसून टाकते. पुढं जातं ते फक्त पाखरांचं. तसा कायदाच आहे.

"माणसाचं ऐकायचं न्हाई, त्याला कायदा कशाला पायजे," शालन म्हणाली. "ते आधीपास्नंच चालू हाय."

पहिले काही आठवडे तिचं आणि पेटीचं रोज वाजायचं.

"हळद्या," पेटी गोड आवाजात सांगायची.

"मला काय डोळं न्हाईत? पिवळाजर्द दिसतोय की. दुसरं सांग."

"शिंपी."

"ह्यो एवढासा? आवाज तर सरपंचाचा हाय."

एकदा कोकणातला मलबारी धनेश वाट चुकल्यासारखा येऊन शेवग्यावर बसला. पेटीनं नाव सांगितलं तेव्हा शालन त्याच्या चोचीकडं बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "नाव काय का असंना, तोंड आमच्या थोरल्या जावंचं हाय." हे ऐकायला आणि हसायला कोणी नव्हतं. थोरली जाऊ जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि कॉलनीतल्या नव्या बायका शालनच्या तोंडाला भिऊन फाटकापासूनच वळत. दिवसभरात तिच्याशी बोलणारी ती पेटीच.

रोज सकाळी शालन शिळ्या भाकरीचा चुरा ताटलीत घेऊन अंगणात यायची आणि हाक द्यायची. कोंबड्यांची हाक. जीभ टाळूला लावून घुमवलेली एक लांब टुर्र, तिच्या टोकाला दातांच्या फटीतून चढती शीळ, आणि शेवटी शिळेला एक गिरकी. तिच्या माहेरी एका गल्लीत सगळ्यांच्या कोंबड्या दिवसभर एकत्र चरायच्या. दिवेलागणीला एकेक बाई आपल्या उंबऱ्यात उभी राहून हाक द्यायची आणि कोंबड्या आपापल्या घराच्या हाकेवर पांगायच्या. म्हणून प्रत्येक घराची हाक निराळी. ती आईनं लेकीला शिकवायची, लेकीनं सासरी न्यायची; सुना आपापल्या माहेरची घेऊन यायच्या. शालनची हाक तिच्या आईची, आजीची. कॉलनीत कोंबड्या पाळायला बंदी झाल्याला जमाना झाला होता. आता त्या हाकेवर साळुंक्या यायच्या. शालन तीच हाक द्यायची, कारण तिला दुसरी येत नव्हती.

तिनं हाक दिली, की पेटी म्हणायची, "अनोळखी पक्षी. नोंद घेतली."

शालन मान वर करून सगळं झाड धुंडाळायची. काही दिसायचं नाही. "कुठं बसलाय मेला?" ती पेटीला विचारायची.

"जवळच आहे," पेटी सांगायची.

एका सकाळी पुण्याहून एक बाई आली. ऋजुता केळुसकर, पक्ष्यांच्या आवाजांवर काम करणारी डॉक्टर. तिशीची, उन्हानं रापलेली, पायात पुरुषी बूट. शालननं तिला बुटांवरून बोलून घेतलं आणि मग चहा टाकला.

"आजी, तुमच्या झाडावर जो पक्षी बोलतो तो कुठल्याच यादीत नाही," ऋजुता सांगत होती. "अनोळखी आवाज आला की आम्ही तो देशभरच्या इतर पेट्यांना पाठवतो. पेटी तो आवाज वाजवते आणि घरच्यांना विचारते, हा कोणी ओळखता का. तुमचा पक्षी गेल्या महिन्यात सगळीकडे वाजवला. ऐकता?"

तिनं खिशातलं यंत्र ओट्यावर ठेवलं. टुर्र झाली, शीळ चढली, गिरकी आली.

शालनच्या हातातली चहाची गाळणी तशीच राहिली. आपला आवाज माणसाला बाहेरून ऐकू येत नाही, पण ही हाक ती आईच्या तोंडून ऐकत मोठी झाली होती. माणसाचा म्हणून पुसायला पेटीला त्यात माणूस सापडलाच नव्हता. तिला हसू फुटलं. अगं खुळे, ही मी, असं ओठांवर आलं.

"आणि त्याच आठवड्यात हे मिळालं," ऋजुता म्हणाली. "दुसऱ्या एका पेटीवर."

पुन्हा टुर्र. शीळ. आणि गिरकी, एक नव्हे, दोन. दुसरी घाईघाईनं, पहिलीच्या पाठोपाठ ठेचकाळल्यासारखी.

शालननं गाळणी खाली ठेवली. पुढचे दात पडलेल्या वयात पोर हाक शिकली, त्या बोळक्या तोंडातून गिरकी एका दमात निघायची नाही, दोनदा व्हायची; दात आले तरी तशीच राहिली. दोन गिरक्यांची हाक जगात एकाच तोंडाला होती. वैजूच्या. वैजयंता, तिची लेक.

"हा कुठला?" तिनं विचारलं. आवाज जमेल तेवढा कोरडा ठेवला.

"तमिळनाडूतला. तिरुचेंगोडे म्हणून गाव आहे."

ते नाव शालनला ठाऊक होतं. बोअर पाडायच्या गाड्या त्या गावच्या. दुष्काळात एक गाडी दारात उभी राहिली, आठवडाभर जमीन थडथडली, सगळ्या गल्लीत कोरडी भोकं पडली आणि निकमांच्याच बोअरला पाणी लागलं. गाडी गेली त्यानंतर महिन्याभरात वैजू गेली, गाडीवरच्या एका मुरुगन नावाच्या पोरामागं. शालननं डोक्यावरून पाणी घेतलं, मेलेल्या माणसाची करतात तशी लेकीच्या नावानं आंघोळ केली, आणि या घरात ते नाव निघायचं नाही असं सगळ्यांना बजावलं. आंघोळीचं पाणी त्याच बोअरचं होतं.

"आवाजावरून पुष्कळ कळतं," ऋजुता रंगात आली होती. "तुमचा पक्षी म्हातारा आहे."

"म्हातारा कशावरनं?"

"श्वास मध्येच तुटतो. सूर कापतो."

"त्याला तसंच म्हणायचं असंल."

ऋजुता हसली. "असेल. पण दुसरा याचंच ऐकून शिकलाय, हे नक्की. आई आणि पिल्लू समजा. तोवर तो तिकडे गप्प होता. तिथल्या पेटीनं आईचा आवाज वाजवला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळी बोलतोय. पक्षी असं करतात, आपल्याचा आवाज ऐकला की उत्तर देतात. आजी, तुम्ही हा पक्षी कधी पाहिलाय का?"

"न्हाई बाई," शालन म्हणाली. "असा पक्षी मी कधी बगितला न्हाई."

त्यानंतर शालनचे दिवस बदलले. ऋजुतानं पेटीला सांगून ठेवलं होतं, तिकडचा आवाज आला की तो इकडं ऐकवायचा. सकाळी शालन हाक द्यायची, मग ओट्यावर बसून राहायची. चुरा कधीच संपलेला असायचा, साळुंक्या गेलेल्या असायच्या. मग पेटी म्हणायची, "अनोळखी पक्षी, तिरुचेंगोडे," आणि हाक यायची. दोन गिरक्यांची. कधी घाईत, कधी सर्दी झाल्यासारखी. एका सकाळी आलीच नाही; शालन दुपारपर्यंत जेवली नाही आणि पेटीला नको नको ते बोलली. दुसऱ्या दिवशी हाक आली तेव्हा पदरानं तोंड पुसून ती आत गेली आणि तिनं स्वतःपुरता शिरा केला.

लोकही येऊ लागले. गळ्यात दुर्बिणी घातलेली माणसं सांगलीहून, साताऱ्याहून यायची, शेवग्याखाली मान वर करून बसायची, तिला आजी म्हणायची. फाटकापासून वळणाऱ्या बायका आता पोह्यांचं ताट घेऊन आत येत होत्या. शालन सगळ्यांना खडसावत होती, वाढत होती. लोक असले की ती हाक देत नसे. पाखरू माणसाला बुजतं, असं सांगायची आणि सगळे माना डोलवायचे. सगळे गेले, की मग एकटी अंगणात उभी राहायची.

तिनं ठरवलं होतं, हे असंच चालू द्यायचं. बोलायचं काही नाही, मागायचं काही नाही. लेकीचं नाव टाकलं ते टाकलं. पण पाखरानं पाखराला हाक दिली तर त्यात कुठला शब्द मोडतो?

मग एका दुपारी ऋजुता आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"तिकडे अडलंय, आजी. पकडून पायात वाळं घालायचं होतं, म्हणून आमची माणसं जाळं घेऊन गेली. तिथली बाई दारात उभंच करत नाही. म्हणते, असा पक्षी मी कधी पाहिला नाही."

शालन ओटा पुसू लागली.

"चौथ्या मजल्यावरची गच्ची आहे. कठड्यावर पेटी, बाकी झाड नाही, कुंडी नाही. तिथे पक्षी रोज ठरल्या वेळी येऊन बोलतो, आणि बाई लपवते. आमच्या लोकांचं म्हणणं, तिनं तो पिंजऱ्यात ठेवलाय. जंगली पक्षी कोंडणं गुन्हा आहे. वनखात्याला कळवलंय. उद्या घराची झडती घेतील."

"कोंबड्या न्हाईत गच्चीवर?" शालननं विचारलं.

"कोंबड्या? नाही. काहीच नाही. नुसती सिमेंटची गच्ची."

शालन उठली, आत गेली, पाणी प्यायली आणि बाहेर आली. नुसत्या सिमेंटच्या गच्चीवर उभं राहून पोर रोज सकाळी कोंबड्यांना बोलावते. आणि तिच्या दाराशी उद्या खाकी कपडे उभे राहणार, शेजारीपाजारी जिन्यात गोळा होणार. परमुलखात. त्यात ती तोंड उघडणार नाही हे शालनला पक्कं ठाऊक होतं, कारण ते तोंड तिनंच घडवलं होतं. पोरगी झडती देईल, पण हाक कोणाची ते सांगणार नाही.

"बूट काढ आणि हितं बस," ती ऋजुताला म्हणाली. "आन् माझ्याकडं बग. झाडाकडं नगं."

मग अंगणाच्या मधोमध उभी राहून तिनं हाक दिली. टुर्र, शीळ, गिरकी. साळुंक्या पत्र्यावरून उतरल्या.

"अनोळखी पक्षी," पेटी म्हणाली. "नोंद घेतली."

ऋजुतानं पेटीकडं पाहिलं, मग शालनकडं. म्हणाली, "आणि तिकडची?"

"तिकडची माझ्याकडनं शिकली. तूच सांगितलंस की."

ऋजुतानं लगेच फोन लावला, वनखात्याला थांबवलं. मग येऊन पायरीवर शालनजवळ बसली. तिचा चेहरा उतरला होता. नवा पक्षी शोधला म्हणून नाव झालं असतं, ते गेलं होतं. पण ती त्याबद्दल बोलली नाही.

"आजी, हा माणसाचा आवाज आहे हे मला आता कळवावं लागेल. कळवलं की सगळ्या पेट्या तो ओळखायला शिकतील. आणि पुसतील. तुमचा पण, त्यांचा पण. उद्यापासून काही ऐकू येणार नाही."

"कळतंय मला."

"मला त्यांचा पत्ता, नंबर देता येत नाही. नियम आहे."

"मी मागितला का?" शालन म्हणाली. "चहा घेणार का जातीस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हाक दिली. पेटी गप्प. ती ओट्यावर बसून राहिली. "साळुंकी," पेटी थोड्या वेळानं म्हणाली. "चिमणी." मग पुन्हा गप्प. दुर्बिणवाल्यांना बातमी पोचली होती. त्या दिवशी कोणी आलं नाही. पोह्यांचं रिकामं ताट न्यायला शेजारीण आली आणि फाटकातूनच हात पुढं करून घेऊन गेली. तिसऱ्या सकाळी शालननं चुरा हाक न देताच टाकला. साळुंक्या पत्र्यावरून बघत राहिल्या, खाली उतरल्या नाहीत.

तिनं धनाजीला फोन लावला.

फोन आता सुधारले होते. नवे फोन बोलणं तेवढं पलीकडं पोचवतात, बाकी सगळा गलका समजून गाळून टाकतात. मुलाच्या मागं भट्टीचा भाता घुरघुरतोय की रस्त्यावर पाऊस पडतोय, हे तिला कळायचं बंद झालं होतं. शब्द यायचे, धुतल्यासारखे, आणि शब्द संपले की विहिरीत डोकावल्यासारखं वाटायचं.

"वैजूचा नंबर दे," ती म्हणाली.

पलीकडं काहीच नाही.

"मेलास का?"

"आई, माझ्याकडं कुठला..."

"धना, दर भाऊबीजेला तू दुकान बंद ठेवून कुठं जातोस, ते मला सुनंनं सांगायला नगं. दे."

त्यानं दिला. "आई, तिला लगीच काही बोलू नकोस," असंही म्हणाला. तिनं फोन ठेवला.

नंबर लावायला तिला सकाळ पुरली नाही. भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. दुपार कलली तशी ती ओट्यावर आली, आणि एकेक आकडा मोठ्यानं म्हणत तिनं नंबर फोनला सांगितला.

पलीकडून एका बाईनं तमिळमध्ये काहीतरी विचारलं. आवाज जाड झाला होता. इतक्या वर्षांचं बोलायचं कुठून धरायचं? मग शालननं जे येत होतं तेच केलं. जीभ टाळूला लावली आणि हाक दिली, हळू, फोनच्या अगदी जवळ.

पलीकडून पुन्हा तोच तमिळ प्रश्न, जरा वैतागून.

शालननं पुन्हा हाक दिली.

"तुमचा आवाज पलीकडे जात नाही," फोन म्हणाला. "कृपया बोला."

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. पेटीनं माणूस म्हणून पुसलं होतं, फोन गलका म्हणून गाळत होता. इथं शब्दच लागणार होते. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि फाटकाकडं बघत, रोजच्या खडसावण्याच्या आवाजात विचारलं, "काय गं, गच्चीवर कोंबड्या न्हाईत, तर हाक कुणाला देत हुतीस?"

पलीकडं सगळं थांबलं. श्वास नाही, भांडं नाही, रस्ता नाही. शालन ऐकत राहिली. शेवग्यावर काहीतरी येऊन बसलं आणि उडालं. तिनं मान वर केली नाही.

"पलीकडून आवाज येत नाही," फोन म्हणाला. "फोन बंद करू का?"

"तू मधी पडू नगंस," शालन त्याला म्हणाली. "पलीकडं माझी पोरगी हाय. रडतीय ती."

हे बोलणं होतं. ते गाळलं गेलं नाही.